पडद्यावरचा पादचारी

मोटार जन्माला आली आणि तिच्या पाठोपाठ ‘पादचारी’ नावाचा एक नवा प्राणी जन्माला आला. त्यापूर्वी रस्त्याने चालणारा माणूस हा नुसता माणूस होता. रस्ता त्याचा होता; बैलगाडी, टांगा, पालखी ही सारी त्याच्या चालीशी जुळवून घेत. मोटारीने हे नाते पार फिरवून टाकले. चाक हाती धरणाऱ्याला चालणारा माणूस म्हणजे मध्येच कडमडलेला अडथळा वाटू लागला आणि चालणाऱ्याला मोटार म्हणजे अंगावर आलेले संकट वाटू लागले. गंमत अशी की, एकच गृहस्थ सकाळी पायी जाताना मोटारवाल्यांच्या नावाने बोटे मोडतो आणि संध्याकाळी मोटारीत बसला की पायी जाणाऱ्यांच्या नावाने!

ज्या पादचाऱ्याचा इतिहास येथे सांगायचा आहे, तो मात्र खऱ्या रस्त्यावर कधीच चालला नाही. काचेच्या पडद्यावर उमटणारे मूठभर पांढरे ठिपके, एवढाच त्याचा देह. पण १९७६ साली या ठिपक्यांनी अमेरिकेत मोठा गहजब उडवून दिला. त्या गहजबात विचारला गेलेला प्रश्न पस्तीस वर्षांनी त्या देशाच्या सर्वोच्च न्यायालयापुढेही आला. एका करमणुकीच्या यंत्राची ही हकीकत आहे. पण ती केवळ यंत्राची नाही.

पैसा टाकून घटकाभर जीव रमवण्याची हौस जगात सगळीकडे सारखीच. आपल्याकडे जत्रेत फिरता पाळणा येतो, छऱ्याच्या बंदुकीने फुगे फोडायचा तंबू येतो, पेटीला डोळा लावून पाहायची चित्रे येतात. अमेरिकेत अशी जत्रा बारा महिने एका छपराखाली भरे. तिला आर्केड म्हणत. नाणे टाकले की यंत्र जागे होई आणि ठरलेला वेळ संपला की पुन्हा झोपी जाई. या यंत्रांत मोटार हाकण्याच्या खेळाला फार पूर्वीपासून मान होता. १९४१ च्या सुमारास फिरत्या नळकांड्यावर रस्ता रंगवून त्यावर चिमुकली मोटार चालवायचे यंत्र निघाले. १९६९ मध्ये ‘शिकागो कॉइन’ या कंपनीच्या ‘स्पीडवे’ने तर धमाल उडवून दिली. त्यात पडद्यावर शर्यतीच्या मोटारींची चित्रे पडत आणि खेळणाऱ्याने त्यांना चुकवीत पुढे जायचे असे. खरी मोटार घेण्याची ऐपत किंवा वय नसलेल्या पोराला एका नाण्यात शर्यतीचा बादशहा होता येई. हे सुख काही लहानसहान नव्हे.

मग विजेच्या पडद्याचे युग आले. १९७२ मध्ये अटारी कंपनीचा ‘पाँग’ हा टेबल टेनिससारखा खेळ आला आणि नाण्यांच्या पेट्या भरून वाहू लागल्या. त्याच कंपनीने १९७४ मध्ये ‘ग्रॅन ट्रॅक १०’ काढला. त्यात स्टिअरिंगचे चाक होते, गिअरचा दांडा होता, पायाखाली ब्रेक आणि अॅक्सिलरेटर होते. पडद्यावर ठिपक्यांनी आखलेला वळणावळणाचा मार्ग आणि त्यावर धावणारी एक पांढरी मोटार. शर्यत कोणाशी, तर घड्याळाशी. येथवर सारे सोज्वळ होते. धडक बसली तर ती चूक. धडक चुकवणे हेच कौशल्य.

हा नियम उलटा केला तो ‘एक्झिडी’ नावाच्या कॅलिफोर्नियातील एका लहानशा कंपनीने. अमेरिकेच्या खेड्यापाड्यांतील जत्रांत जुन्या मोटारींच्या टकरींचा एक खेळ चाले. आपल्याकडे रेड्यांच्या टकरी लावतात, त्यातलाच प्रकार. फरक इतकाच की येथे रेड्यांच्या जागी भंगारात निघालेल्या गाड्या. शेवटपर्यंत जिची चाके हलत राहतील ती गाडी विजयी. या खेळावरून एक्झिडीने १९७५ मध्ये ‘डिस्ट्रक्शन डर्बी’ हे यंत्र काढले. यात धडक चुकवायची नव्हती. ती द्यायची होती. प्रत्येक धडकेला गुण! मोटारीचा खेळ आणि लढाईचा खेळ यांचे लग्न येथे लागले.

पुढचा भाग धंद्याच्या हिशेबाचा आहे. पण तोच कथेचा कणा आहे. एक्झिडीने हा खेळ बनवण्याचे हक्क ‘स्पीडवे’वाल्या शिकागो कॉइनला विकले. ती जुनी नामांकित कंपनी. तिच्या हाती माल जास्त खपेल अशी अपेक्षा. पण त्या वेळी तिचीच घडी विस्कटत चालली होती. हक्काचे पैसे हाती येईनात आणि आपला खेळ आपणच बनवून विकावा, तर तो दुसऱ्याला दिलेला! तेव्हा एक्झिडीचे अभियंते हॉवेल आयव्ही यांनी जुन्याच खेळातून नवा खेळ काढला.

ही करामत समजायला त्या यंत्राचे पोट उघडून पाहिले पाहिजे. आजच्या अर्थाने त्यात संगणक नव्हताच. छापील फळीवर लहान लहान चिपांची दाटी आणि त्यांच्यामधून धावणारी विजेची स्पंदने. बस्स, तोच खेळ. आज खेळ बदलायचा तर लिहिलेले खोडून नवे लिहितात. तेव्हा विजेची वाटच बदलावी लागे. म्हणून मूळ यंत्रणा होती तशी ठेवायची आणि जेवढ्याला हात लावल्यावाचून चालणार नाही, तेवढेच बदलायचे, हा शहाणपणाचा मार्ग. मैदान तेच राहिले, चाक तेच राहिले, पाठलाग करणारी मोटार तीच राहिली. बदलला तो फक्त पुढे पळणारा. मोटारींऐवजी आता दोन पायांवर धावणाऱ्या आकृत्या पळू लागल्या. या एवढ्याशा दुरुस्तीने सारा अर्थ बदलून गेला!

१९७६ च्या वसंतात हा खेळ ‘डेथ रेस’ या नावाने बाजारात आला. पेटीवर कबरस्तानातून मोटारी पिटाळणाऱ्या सांगाड्यांची चित्रे. समोर दोन चाके, दोन खेळाडूंसाठी. मोटार पुढे किंवा मागे घेण्यासाठी दांडा. पाव डॉलरचे नाणे, म्हणजे त्यांची पावली, पेटीत टाकली की काळ्या पडद्यावर पांढऱ्या आकृत्या सैरावैरा पळू लागत. मोटार तिच्यावर घातली की एक बारीक, कर्कश किंकाळी उठे, आकृती नाहीशी होई आणि त्या जागी थडग्यावरचा क्रूस उभा राही. एक गुण मिळाला. वेळ संपल्यावर गुणांच्या मानाने पदवीही मिळे. ‘हाडे मोडणारा’ ही त्यांतलीच एक.

कंपनीचे म्हणणे असे की, या आकृत्या माणसांच्या नव्हेतच. ते ‘ग्रेमलिन’ आहेत. ग्रेमलिन म्हणजे ब्रिटिश वैमानिकांनी दुसऱ्या महायुद्धात प्रसिद्धीस आणलेले एक खोडकर भूत. विमानात शिरून खिळे ढिले करणारे, यंत्र बिघडवणारे. आपल्या पिंपळावरच्या मुंज्याचा दूरचा मावसभाऊ म्हणा हवे तर! आता भुताला मारले म्हणून कोण फिर्याद करणार? पण पाहणाऱ्यांचे डोळे कंपनीचे पत्रक वाचून मग पाहत नव्हते. त्यांना दिसे ते एवढेच: दोन पाय, दोन हात, वर डोके आणि मोटारीपुढे जीव घेऊन पळणे. विचित्र योगायोग असा की, त्या काळचे यंत्र माणसाचे धड चित्रही काढू शकत नव्हते. चेहरा नाही, कपडे नाहीत, बाई की पुरुष ते कळायला मार्ग नाही. परंतु चित्र जितके अपुरे, तितके ते पाहणारा आपल्या मनाने पुरे करतो. मूठभर ठिपक्यांचा माणूस झाला तो पडद्यावर नव्हे, पाहणाऱ्याच्या डोक्यात.

त्यात नावाचाही घोळ. आदल्याच वर्षी, १९७५ मध्ये, ‘डेथ रेस २०००’ हा चित्रपट निघाला होता. भविष्यकाळातली एक शर्यत आणि तिच्यात रस्त्यावरची माणसे चिरडण्याबद्दल मिळणारे गुण, असे त्याचे कथानक. चित्रपटाचे हक्क एक्झिडीने घेतले नव्हते. पण ज्याने ती कथा ऐकली होती, त्याला या यंत्रापुढे उभे राहिल्यावर ग्रेमलिनची गोष्ट पटणे अशक्यच होते.

उन्हाळ्यात असोसिएटेड प्रेसच्या एका वार्ताहर बाईंनी या खेळाची बातमी दिली आणि ती देशभरच्या वर्तमानपत्रांत झळकली. पाहता पाहता वाद पेटला. राष्ट्रीय सुरक्षा परिषद या जुन्या संस्थेने खेळाचा कडक शब्दांत निषेध केला. २८ डिसेंबर १९७६ रोजी ‘न्यूयॉर्क टाइम्स’नेही या प्रकरणाची दखल घेतली. या परिषदेचा संताप नीट समजून घेतला पाहिजे. १९१३ मध्ये स्थापन झालेली ही संस्था अपघातांत मरणाऱ्या माणसांचे आकडे मोजीत आणि ते कमी करण्यासाठी खपत आली होती. ज्या वर्षी हा खेळ निघाला, त्या एका वर्षात अमेरिकेच्या रस्त्यांवर ४५ हजारांहून अधिक माणसे मेली. इतरांना जे पांढरे ठिपके वाटत होते, ते तिला ओळखीचे वाटले यात नवल नाही.

परिषदेतील मानसशास्त्रज्ञ जेराल्ड ड्रिसेन यांनी मांडलेला मुद्दा मात्र संतापाच्या पलीकडचा होता. चित्रपटात किंवा दूरचित्रवाणीवर माणूस हिंसा पाहतो, पण तो प्रेक्षक असतो. या खेळात मात्र तो स्वतः कर्ता होतो, असा त्याचा आशय. नाटकातल्या खलनायकाकडे पाहून आपण दात-ओठ खातो. येथे खलनायकाची जागा रिकामी आहे आणि पावली टाकणाऱ्याला तीत बसायचे आमंत्रण आहे. खेळांच्या इतिहासात हा प्रश्न इतक्या स्पष्टपणे प्रथम विचारला गेला, तो या ठिपक्यांमुळे.

उलट बाजूही होती आणि तीही अगदीच लेचीपेची नव्हती. मुले चोर-पोलीस खेळतात, तेव्हा रोज डझनभर चोर मरतात आणि जेवणाची हाक आली की उठून घरी जातात. बुद्धिबळात प्यादी पडतात म्हणून कोणी सुतक पाळत नाही. खेळातले मरण हे मरण नव्हे, हे मुलाला मोठ्यांपेक्षा अधिक चांगले ठाऊक असते. मग या एकाच यंत्रावर डोळे का वटारायचे?

याचे एक उत्तर प्रतिस्पर्धी अटारी कंपनीच्या रीतीत सापडते. तिचे संस्थापक नोलन बुशनेल यांनी पुढे सांगितले की, रणगाडा उडवा, उडती तबकडी पाडा, पण माणसाला मारण्याचा खेळ काढायचा नाही, असा त्यांच्याकडे दंडक होता. टीकाकार म्हणेल, रणगाड्यात काय कोणी नसते? असते, पण तेथे समोरून तोफ येते. ‘डेथ रेस’मधल्या पळणाऱ्याच्या हाती काहीच नव्हते. लोकांना खटकले ते मारणे नव्हे, तर निःशस्त्राला मारणे. आणि त्याहूनही, त्याबद्दल शाबासकी मिळणे.

आरडाओरडीचा परिणाम काय झाला? काही ठिकाणी यंत्रे उचलून नेली गेली. पण एकंदरीत मागणी वाढली! जो खेळ बाकीच्या खेळांच्या गर्दीत कदाचित विसरला गेला असता, तो निषेधाने अमर झाला. पुढे १९८६ मध्ये याच कंपनीने ‘चिलर’ नावाचे असे एक यंत्र काढले की, त्याच्या शेजारी ‘डेथ रेस’ म्हणजे बालवाडीतले खेळणे वाटावे. बोंब ही फुकटची जाहिरात असते, हे दुकानदाराला टीकाकाराच्या आधी कळते.

पण लढाईच्या मोटारींची वंशावळ एवढ्यावर संपली नाही. ‘डेथ रेस’नंतर सात वर्षांनी, १९८३ मध्ये, बॅली मिडवे कंपनीने ‘स्पाय हंटर’ आणला. जॉर्ज गोमेझ आणि टॉम लिऑन यांची ही निर्मिती. मूळ कल्पना जेम्स बाँडच्या नावाने खेळ काढण्याची होती; ते हक्क मिळाले नाहीत, तेव्हा ‘पीटर गन’ या १९५८ च्या दूरचित्रवाणी मालिकेचे हेन्री मॅन्सिनी यांनी रचलेले संगीत घेतले. खेळणारा नाण्याबरोबर त्या ठेक्याचाही गुलाम होई. आता पडदा रंगीत होता आणि रस्ता वरून खाली अखंड वाहत होता. विमानाच्या सुकाणूसारख्या मुठीवर बटणे होती: मशीनगन, तेल सांडणे, धूर सोडणे, क्षेपणास्त्र. मागून एक ट्रक येई; त्याच्या उघड्या पाठीतून मोटार आत न्यायची आणि नवे शस्त्र घेऊन बाहेर पडायचे. रस्ता संपून पाणी लागले की मोटारीची बोट होई. चाकांना आऱ्या लावून शेजारच्या गाडीचे टायर फाडणारी गाडी, गोळी न लागणारी चिलखती गाडी, बाँब टाकणारे हेलिकॉप्टर, असे नाना तऱ्हेचे शत्रू.

या साऱ्या थाटात एक लहानसा नियम लपलेला होता आणि माझ्या मते या वंशावळीतली सर्वांत मोलाची गोष्ट तीच. त्या रस्त्यावर केवळ शत्रूच नव्हते. आपापल्या कामाला निघालेल्या साध्या गाड्याही होत्या. त्यांतली एखादी उडवली, तर खेळणाऱ्याचे गुण काही काळ थांबत. मोटार धावतेच आहे, बंदूक चालतेच आहे. पण आकडा हलत नाही. कोणी उपदेश केला नाही, कोणी कान पिळला नाही. यंत्राने नुसते मोजणे बंद केले!

दिवाळीत आपल्या अंगणातले किल्ले आठवून पाहा. वर बुरुजावर मातीचे मावळे, तोफा, भगवा झेंडा. आणि खाली पायथ्याशी हळिवाच्या हिरवळीत भाजीवाली, वाणी, विहिरीवर पाणी शेंदणारी बाई. लढाई आणि बाजार एकाच किल्ल्यावर नांदतात. मुले दिवसभर तोफा फिरवतात, शत्रूला चीत करतात. पण तोफेचे तोंड भाजीवालीकडे वळवलेले कोणी पाहिले आहे काय? त्यांना कोणी नियमाचे पुस्तक दिलेले नसते. कोण लढाईत आहे आणि कोण नाही, ही रेघ खेळता खेळता त्यांच्या मनात उमटते. खेळात शस्त्र असणे हा खरा प्रश्नच नव्हे. ती रेघ आहे की नाही, हा प्रश्न आहे. ‘डेथ रेस’ने ती पुसली होती, ‘स्पाय हंटर’ने ती रस्त्यावर पुन्हा आखली.

पुढे वाद थांबले असे नाही. १९९७ मध्ये इंग्लंडात तयार झालेल्या ‘कारमॅगेडन’ या संगणकावरच्या खेळात पुन्हा पादचारी चिरडले जाऊ लागले. तेथील परीक्षण मंडळाने त्याला प्रथम प्रमाणपत्र नाकारले, तेव्हा माणसांच्या जागी हिरव्या रक्ताची प्रेते घालून तो विकला गेला. पुढे अपिलात मूळ रूपालाही परवानगी मिळाली. एकवीस वर्षांपूर्वीचा ग्रेमलिन वेष बदलून परत आला, एवढेच! अमेरिकेत १९९३ मध्ये सिनेटपुढे सुनावण्या झाल्या आणि १९९४ मध्ये खेळांवर वयाची शिफारस छापणारे मंडळ स्थापन झाले. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने, मुलांना हिंसक खेळ विकण्यावर बंदी घालणारा कॅलिफोर्नियाचा कायदा सात विरुद्ध दोन मतांनी रद्द ठरवला. बहुमताचा निकाल लिहिणाऱ्या न्यायमूर्ती स्कॅलियांनी ग्रिमबंधूंच्या परीकथांतल्या क्रौर्याची आठवण करून दिली. निकालाशी सहमत असलेल्या न्यायमूर्ती अलिटोंनी मात्र, पुस्तक वाचणे आणि असा खेळ खेळणे यांतला फरक घाईने झटकून टाकू नये, असे स्वतंत्रपणे लिहिले. प्रेक्षक आणि कर्ता! ड्रिसेन यांचा प्रश्न पुन्हा तेथेच येऊन उभा राहिला.

कायदा या प्रश्नाचे उत्तर देऊ शकेल असे वाटत नाही. विक्री कोणाला करावी हे तो सांगेल. गुण कशाला द्यावेत हे खेळ रचणाराच ठरवतो आणि तो जे ठरवतो तोच त्याचा उपदेश. नाव ग्रेमलिन द्या, हिरवे रक्त दाखवा. खेळणाऱ्याच्या बोटांना कळते ते एवढेच की, कशाने आकडा वाढतो आणि कशाने तो थांबतो.

तरीही त्या बदनाम यंत्राबद्दल एक गोष्ट न्यायाने सांगितली पाहिजे. ‘स्पाय हंटर’मध्ये निरपराधाला उडवल्याची शिक्षा काही क्षणांची असे. रस्ता खाली सरके, मोडलेली गाडी दृष्टीआड होई, आकडा पुन्हा धावू लागे. ‘डेथ रेस’मध्ये मात्र तो क्रूस जागचा हलत नसे. मोटार त्याच्यावर आदळली की अडे. दांडा मागे ओढून, मागे सरून दुसरी वाट शोधावी लागे. जितके गुण अधिक, तितके क्रूस अधिक. आणि जितके क्रूस अधिक, तितके मैदान अरुंद. शेवटी शेवटी तर सर्वांत यशस्वी खेळाडूला हलायलाही जागा उरत नसे. हे कोणी बोध म्हणून योजले असेल असे नाही. अभियंत्याने बहुधा खेळ कठीण व्हावा म्हणून केले असेल. पण ज्याला चिरडून आपण पुढे गेलो, तोच पुढच्या वळणावर वाट अडवून उभा असतो, हे सत्य त्या मूठभर ठिपक्यांनी पावलीत सांगून ठेवले आहे.